चढणीचा मासा परत कुठे जातो?

मिरगाचा पहिला दणका बसला की आमच्या वाडीत त्या रात्री कुणी वेळेवर झोपत नसे. दुपारपासून पाऊस कोसळलेला, व्हाळ तांबड्या पाण्यानं तुडुंब. संध्याकाळीच कुणी चुडी बांधायला बसायचं, कुणी पेट्रोमॅक्सला पंप मारायचं, कुणी पोतं आणि कोयता घेऊन ओटीवर तयार. मळ्यातलं पाणी जिथे बांधाच्या खांडीतून व्हाळात पडतं तिथे जाऊन गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. आधी नुसता आवाज येतो, ओलं फडकं दगडावर आपटावं तसा. मग उजेड धरला की दिसतं. बोटाएवढे, वितीएवढे मासे, पोटं गाभोळीनं टम्म फुगलेली, वरून पडणाऱ्या धारेवर अंग झोकून देतायत. चार पडतात, एक चढतो. पडलेले पुन्हा येतात.

हे चढणीचे मासे. रायगड-ठाण्याकडे याला वलगण म्हणतात.

आमचे एक काका दरवर्षी त्याच एका खांडीवर उभे राहायचे. शेजारी तशाच दोन खांडी होत्या, पाणी तिथूनही पडायचं, पण काका तिकडे फिरकत नसत. लहानपणी मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाले होते, "मासो चढता तो हयसूनच. उतरतलो पण हयसूनच." म्हणजे चढतो तो इथूनच, उतरणार तोही इथूनच.

बरीच वर्षं मला ते म्हातारपणाचं हट्टी बोलणं वाटायचं. पुढे माशांच्या अंगात बारीक यंत्रं बसवून त्यांच्या वाटा शोधणाऱ्यांचं काम वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की काकांच्या त्या वाक्यात जीवशास्त्राचे दोन मोठे प्रश्न आहेत. मासा ऋतूप्रमाणे जागा का बदलतो, हा पहिला. आणि बदलून पुन्हा नेमका त्याच जागी का येतो, हा दुसरा.

मासा नदीत राहतो असं आपण म्हणतो. ते खरं आहे, पण धनगर महाराष्ट्रात राहतो म्हणण्याइतकंच. मेंढरं घेऊन धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतो, पावसाच्या आत पुन्हा देशावर जातो. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, वाडा कुणाच्या शेतात बसवायचा तेही ठरलेलं. त्याचं घर नकाशावर दाखवा म्हटलं तर एका ठिकाणी टिंब देऊन भागत नाही, रेघ ओढावी लागते. नदीतल्या पुष्कळ माशांचं तसंच आहे. त्यांच्या घराच्या खोल्या एकमेकींपासून कधी शंभर पावलांवर असतात, तर कधी शंभर किलोमीटरवर.

सह्याद्रीतला खडस घ्या. कुठे खडशी म्हणतात, कुठे महसीर, आणि देवळापुढच्या डोहात असला तर नुसताच देवाचा मासा. शास्त्रीय नाव टोर खुद्री. हे नाव विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानं १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून दिलं. साइक्सची एक गंमत म्हणजे त्यानं इथल्या माशांची इथलीच नावं उचलली आणि लॅटिनला जोडून दिली. त्यामुळे शिंगटी जगभरच्या पुस्तकांत 'सींगटी' झाली, कोळस 'कोलस' झाला, मळ्या 'मुल्या' झाला. नेदरलँड्समधला एखादा संशोधक आज मिस्टस सींगटी लिहितो, तेव्हा दख्खनच्या बाजारातला शब्दच लिहीत असतो.

तर खडसाचं वर्ष. एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या वाहायच्या थांबतात. उरतात ते डोह, आणि दोन डोहांच्या मधे कोरडे पांढरे गोटे. या दिवसांत माशाला खोली लागते. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, तापलेल्यात कमी. २० अंशांना एका लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे ऊन वाढतं तसा माशाच्या अंगाला प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी पडतो. म्हणून काठावर करंज-जांभळाची सावली असलेला खोल डोह ही उन्हाळ्यातली राहण्याजोगी खोली. वर उंबर असेल तर पडलेल्या फळांचं जेवणही जागेवरच, कारण खडस फळं आवडीनं खातो.

पण याच डोहात अंडी घालून चालत नाही. खडसाची अंडी जड, तळाला बसणारी. डोहाच्या तळाशी गाळ असतो, त्यात अंडी गुदमरतात. त्यांना लागतात स्वच्छ गोटे आणि खडी, ज्यांच्या फटींतून ताजं पाणी सतत खेळतं राहील. अशी जागा वर, उथळ धावत्या पाण्यात किंवा बाजूच्या ओढ्यात असते, आणि तिथपर्यंत जायला पूर लागतो. म्हणून मोठे मासे पावसाळ्यात डोह सोडतात. उत्तरेत याचा ठळक नमुना गढवालात दिसतो. गंगेतला सोनेरी महसीर पावसाळ्यात व्यासघाटापाशी गंगा सोडून नयार नदीत शिरतो. गंगा हिमनद्यांच्या पाण्यानं गार आणि फोफावलेली, नयार पावसा-झऱ्यांची, उबदार आणि खडीची. राहायला एक नदी आणि बाळंतपणाला दुसरी.

आमच्या व्हाळातल्या लहान माशांचा हिशेब थोडा वेगळा. त्यांना खडी नको असते, भाताचा मळा हवा असतो. चार बोटं पाणी, ऊन लागून कोमट झालेलं, कुजलेल्या गवतामुळे त्यात सूक्ष्म जीवांची नुसती खिचडी. पिल्लांना तोंड उघडलं की घास. आणि मुख्य म्हणजे त्यांना गिळणारे मोठे मासे इतक्या उथळ पाण्यात येत नाहीत. मरळ येते, पण ती स्वतःच तिथे संसार मांडायला आलेली असते. जुलैच्या अखेरीस बांधावरून वाकून बघितलं तर गवताच्या कडेला केशरी रंगाचा एक पुंजका पाण्यात उकळल्यासारखा वर-खाली होताना दिसतो. ती मरळीची पिल्लं. आई-बाप खालीच कुठेतरी राखणीला असतात, बोट घालून बघा, कळेल.

सगळे मासे चढतातच असं मात्र नाही. अहिर, म्हणजे सापासारखा लांबडा मासा, उलट्या पायाचा. तो नदीत, विहिरीच्या कपारीत वर्षानुवर्षं राहतो आणि वयात आला की उतरून समुद्रात जातो, अंडी तिकडे. त्याची तारेसारखी बारीक पिल्लं मग खाडीतून वर येतात. चढण त्याच्याही वाट्याला आहे, फक्त बालपणी.

इतकं ऋतूंबद्दल. आता 'हयसूनच'कडे येऊ.

जागेशी इमान राखणं हे तीन तऱ्हांचं असतं, आणि त्यांची गल्लत झाली की सगळंच गोंधळाचं होतं. रोज त्याच पारावर येऊन बसणारा म्हातारा ही एक तऱ्हा. मासा एखाद्या कपारीभोवती महिनोन्‌महिने घोटाळत राहतो, ती ही. दरवर्षी गणपतीला मुंबईहून येऊन त्याच ओटीवर, त्याच कोपऱ्यात वळकटी पसरणारा चाकरमानी ही दुसरी. मासा दूर जातो, पण ऋतू आला की नेमका मागच्याच जागी हजर. आणि तिसरी म्हणजे पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणारी लेक. ज्या ओढ्यात आपण अंड्यातून बाहेर आलो तिथेच आपली अंडी घालायला येणारा मासा. या तिसऱ्यासाठी मराठीत 'माहेर' हा तयार शब्द असताना शास्त्राची पुस्तकं जड संज्ञा का घडवत बसतात, मला समजत नाही.

पण हे कळायचं कसं? खांडीत यंदा उडी मारणारा मासा मागच्या वर्षीचाच आहे हे काकांनी कशावरून ओळखायचं? खरं सांगायचं तर काकांना ते ओळखता येणं शक्य नव्हतं. मासे दरवर्षी वेगळे असूनही वाट एकच असू शकते, कारण पाण्याचा ओघ तिथे सोयीचा असेल. एकच मासा पुन्हा आला हे ठरवायला त्याला नाव द्यावं लागतं.

सुरुवातीला पाठीच्या परापाशी नंबराची चिठ्ठी अडकवून मासा सोडून देत, आणि पुन्हा सापडला तर नोंद करत. यातून विसाव्या शतकाच्या मध्यावर एक समजूत पक्की झाली की ओढ्या-नाल्यांतले मासे फारसे हलतच नाहीत, सगळे घरकोंबडे. कारण साधं होतं. जिथे चिठ्ठ्या लावल्या तिथेच माणसं पुन्हा जाळी टाकत होती. गावातच शिरगणती करा, गावातले सगळे गावातच राहतात असंच निघेल. जो सुरतेला गेला तो मोजायला सापडलाच नाही, म्हणून तो नाहीच. ही चूक १९९० च्या दशकात मोठ्यानं बोलून दाखवली गेली आणि तिथून पुढे अभ्यासाची पद्धतच बदलली.

आता तीन साधनं मुख्य आहेत. पहिलं म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची नळी, माशाच्या पोटात घालून देतात. तिच्यात बॅटरी नसते, त्यामुळे ती मासा जगेल तोवर टिकते. ओढ्यात आडवी तारेची चौकट उभी करतात, मासा तिच्यातून गेला की त्याचा नंबर आणि वेळ नोंदली जाते. टोलनाक्यावर फास्टॅग वाजतो, अगदी तसंच, तत्त्वही तेच. दुसरं साधन रेडिओ किंवा ध्वनी सोडणारं यंत्र. यात बॅटरी असते, त्यामुळे मासा जिथे असेल तिथून त्याचा ठावठिकाणा कळतो. नदीच्या उथळ गोड्या पाण्यात रेडिओ चालतो, खोल तलावात ध्वनी.

तिसरं साधन माशानं स्वतःच बनवलेलं असतं. माशाच्या कानात चुन्याचा एक बारीक खडा असतो. झाडाच्या खोडासारखी त्यात वर्षावर्षाची वलयं पडत जातात, आणि प्रत्येक वलयात त्या वेळच्या पाण्यातला स्ट्रॉन्शियम नावाचा धातू थोडाथोडा साचतो. प्रत्येक खोऱ्यातले खडक वेगळे, त्यामुळे तिथल्या पाण्यातल्या स्ट्रॉन्शियमची धाटणीही वेगळी. खडा मधोमध घासून मध्यापासून कडेपर्यंत तपासत गेलं की माशाची जन्मापासूनची भटकंती वाचता येते. अट एवढीच, की ती वाचायला मासा मारावा लागतो.

या साधनांनी जे सापडलं त्यातला मला सगळ्यात भावणारा मासा ऑस्ट्रेलियातला मरे कॉड. शंभर किलोच्या वर वजन भरलेले नोंदले गेलेत, म्हणजे मासा कसला, म्हशीचं रेडकूच. एरवी हा गडी पाण्यात पडलेल्या एखाद्या ओंडक्याखाली ठाण मांडून असतो. आपला ओंडका, आपलं अंगण, जवळून जाणाऱ्याला गिळणं, इतकाच संसार. त्याला रेडिओ लावून बघितलं तेव्हा कळलं की हिवाळा सरता-सरता तो ओंडका सोडतो आणि उलट्या धारेनं वर निघतो. काही मासे शंभर किलोमीटरहून जास्त गेले. वर कुठेतरी पोकळ खोडात अंडी घातली जातात, नर ती राखतो. आणि मग परतीची वाट. ही सहल आटोपून काही मासे ज्या नदीतून गेले त्या नदीत आले, ज्या वळणावरून गेले त्या वळणावर आले, आणि शेवटी ज्या ओंडक्याखालून निघाले होते त्याच ओंडक्याखाली येऊन बसले.

गढूळ पाणी, वर्षाला बदलणारे काठ, खाली एकसारखे दिसणारे शेकडो ओंडके. त्यातला आपला कोणता?

याचं पूर्ण उत्तर एका गोष्टीत नाही, पण वासाचा वाटा मोठा आहे. ही कल्पना आर्थर हास्लर या अमेरिकी शास्त्रज्ञाला सुचली त्याचा किस्सा त्यानंच सांगून ठेवलाय. १९४६ साली तो युटामधल्या आपल्या लहानपणीच्या डोंगरात चढत होता. एका कड्याआड धबधबा होता, अजून दिसतही नव्हता. वाऱ्यावर शेवाळ्याचा आणि रानफुलांचा वास आला आणि त्याला एकदम लहानपणचे, साफ विसरलेले प्रसंग, मित्रांची नावं आठवायला लागली. त्याच्या मनात आलं, मला जर वासावरून गाव आठवतं तर जन्माच्या ओढ्याकडे परतणाऱ्या सॅमन माशाला का नाही?

मृद्गंध आला की शाळेचा पहिला दिवस आठवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे काही वेगळं सांगायला नको. पण हास्लरनं ते तपासलं. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात सॅमनची पिल्लं वाढवताना एका गटाच्या पाण्यात एक रसायन अगदी कणभर मिसळलं, दुसऱ्या गटात दुसरं. मग सगळी मिशिगन सरोवरात सोडली. दीडेक वर्षानं, मासे वयात येऊन ओढ्यांकडे वळायच्या वेळी, किनाऱ्यावरच्या एका ओढ्यात पहिलं रसायन ठिबकत ठेवलं, दुसऱ्यात दुसरं. परतलेल्यांतले बहुतेक मासे आपापल्या लहानपणच्या वासाच्या ओढ्यात शिरले. या ओढ्यांत ते जन्मले नव्हते. वासानं त्यांना माहेर असल्याचं पटवलं होतं, बस.

म्हणजे ओढ्याला वास असतो. माती, पानगळ, शेवाळ, वरच्या जंगलातून झिरपून आलेलं पाणी, या सगळ्यांचा मिळून. दोन ओढ्यांचा सारखा नसतो. तो वास लहानपणी एका ठरावीक वयात मेंदूत पक्का बसतो. माशाची आठवण तीन सेकंदांची असते हे जे आपण ऐकतो, ते सांगणाऱ्याचीच आठवण तपासायला हवी.

मग प्रश्न उरतो की परतायचं कशासाठी? इथे मी जरा सावधपणे बोलतो, कारण इमान, माहेर असे शब्द वापरले की माशाच्या मनात जिव्हाळा असल्यासारखं वाटतं. मामला जमाखर्चाचा आहे. मागच्या वर्षी या खडीत घातलेली अंडी जगली, मी जगलो, म्हणजे जागा चालणारी आहे. नवीन जागा शोधायची तर वेळ जातो, ताकद जाते, अनोळखी पाण्यात कुणीतरी गिळतं. कॅनडातल्या तलावांत स्मॉलमाउथ बास नावाच्या माशाचे नर दरवर्षी घरटं करतात, आणि पुष्कळदा ते मागच्या वर्षीच्या घरट्याला लागूनच. जमलेली जागा सोडायची नाही, हा नियम शेतकऱ्यालाही पाठ आहे आणि उसाच्या रसाच्या गाडीवाल्यालाही.

हिशेब सगळ्यांचा एकच निघतो असं मात्र नाही. स्वीडन-डेन्मार्कच्या तलावांत रोच नावाचा साधासा मासा आहे, आपल्या खवलीच्या नात्यातला. हिवाळा आला की त्यातले काही तलाव सोडून जोडलेल्या ओढ्यांत जातात, काही तलावातच राहतात. वसंतात गेलेले परत येतात. ओढ्यात खायला फारसं नसतं, पण गिळणारेही कमी. तलावात उलट. काचेच्या नळ्या लावून बघितलं तर स्वभावानं धीट मासे निघून जाण्याकडे जास्त झुकतात असं दिसलं. आणि गेल्यानं जीव वाचतो याचा पुरावा पुढे भलत्याच जागी सापडला. पाणकावळे मासे खाऊन न पचलेलं ओकून टाकतात. त्यांच्या बसण्याच्या झाडांखाली ओकाऱ्यांत या नळ्या मिळाल्या, नंबरासकट. कोणता नंबर तलावात राहिलेला आणि कोणता ओढ्यात जाणारा, हे ताडून बघितलं, तर जाणारे मासे पाणकावळ्याच्या तोंडी कमी पडले होते. जीव वाचवण्यासाठी गाव सोडणं म्हणजे काय, ते झाडाखाली नळ्या वेचता वेचता कळलं.

इथवर सगळं छान आहे. पण जागेशी इमान ही जुन्या माहितीवर लावलेली पैज असते. जग स्थिर असेल तोवर ती जिंकते. खालची जागा कुणी बदलली तर तोच शहाणपणा फास होतो.

आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचं उदाहरण घ्या. पाणी अडवण्याची ही साधी, स्वस्त आणि खरोखर उपयोगी युक्ती. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे, पाऊस सरला की पुन्हा घालायचे. पाण्याच्या दृष्टीनं वेळापत्रक चोख. पण माशाच्या पंचांगाशी ते लावून बघा. बरगे काढायला जून उजाडून उशीर झाला, की चढणीच्या पहिल्या पुराला दार बंद. आणि बरगे बसतात नेमके वरून मोठे मासे आणि बोटभर पिल्लं उतरायला निघतात त्या सुमारास. चढण सगळ्यांना दिसते, तिचे फोटो निघतात, तिच्या आठवणी लिहिल्या जातात. उतरण कुणी बघत नाही. वर चढलेला मासा डोहात परतलाच नाही तर पुढच्या मिरगाला चढणार कोण?

मोठ्या धरणांचं सांगायलाच नको. १९७५ मध्ये बंगालात गंगेवर फराक्क्याचा बंधारा झाला त्याआधी हिलसा, म्हणजे आपला पाला, गंगेतून थेट अलाहाबादपर्यंत जायचा. ॲमेझॉनमधला डोराडो मासा अँडीज पर्वताच्या पायथ्याशी जन्मतो, पिल्लू धारेबरोबर वाहत समुद्राच्या तोंडाशी जातं, आणि वयात आल्यावर तेवढीच वाट उलटी चालून येतं. जाऊन-येऊन ११,००० किलोमीटरच्या वर. गोड्या पाण्यातला याहून लांबचा प्रवासी माहीत नाही. ॲमेझॉनला मिळणाऱ्या माडेरा नदीच्या खोऱ्यातले बरेचसे डोराडो आपल्याच माहेरच्या पाण्यात परततात, हे त्यांच्या कानांतल्या खड्यांनी सांगितलं. ते वाचून होईतो माडेरा नदीवर दोन मोठी धरणं उभी राहिली होती.

धरणापेक्षाही गुपचूप होणारं एक काम मला जास्त खुपतं. ते म्हणजे खोलीकरण. नदीत पोकलेन उतरतो आणि डोह, उथळ, खडी, कपारी सगळं एका पातळीत आणून देतो. पाण्याचा साठा वाढल्याचा फलक लागतो. ऑस्ट्रेलियात एकेकाळी आगबोटींना अडथळा नको म्हणून मरे नदीतले ओंडके असेच उपसून काढले होते. आता तिथे सरकारी खर्चानं हजारो ओंडके पुन्हा नदीत टाकले जातायत, कारण ओंडका गेला तसा कॉडही गेला. आपण अजून उपसण्याच्याच पायरीवर आहोत.

आपल्याकडे डोह राखण्याची एक जुनी रीत मात्र आहे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे, वरदायिनीचं ठाणं. पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळ तिळशाला वैतरणेच्या पात्रात महादेवापुढचा डोह आहे. कुरमुरे टाकले की हातभर खडस पाणी ढवळत वर येतात. या माशांना कुणी हात लावत नाही, देवाचे म्हणून. मी याला अंधश्रद्धा म्हणून हसणाऱ्यांतला नाही. भर उन्हाळ्यात, मासा एका डोहात कोंडलेला असताना, जिलेटीनची एक कांडी किंवा ब्लीचिंग पावडरची एक पिशवी सगळं वर्ष संपवते. त्या दोन महिन्यांत देवाचा धाक पहारेकऱ्याहून भारी. पण धाक एका डोहापुरता आहे. देव उन्हाळ्याची खोली राखतो. पावसाळ्याची खोली वर कुठल्यातरी ओढ्यात आहे, तिथे देऊळ नाही.

पिल्लं तयार करून नदीत सोडणं हा दुसरा उपाय. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून खडसाची पैदास होते, आणि या कामामुळे खडसाला मोठा हातभार लागला यात वाद नाही. पण यातली काही पिल्लं दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली. तिथे आधीपासून एक पाठीला कुबड असलेला महसीर होता, फक्त कावेरी खोऱ्यातला. आपला खडस तिथे फोफावला आणि कुबडा कमी कमी होत गेला. २०१८ मध्ये त्याला टोर रेमादेवी हे शास्त्रीय नाव नक्की झालं, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलाही गेला. बारसं आणि शेवटची घंटा एकाच वेळी. पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या ओढ्यात परतत राहिल्यामुळे एकेका खोऱ्यातला मासा त्या पाण्याला घोटून-घोटून बेतलेला असतो. महसीर तो महसीर म्हणून कुठलाही कुठेही सोडता येत नाही, हे आपल्याला उशिरा कळलं.

मागच्या जूनमध्ये बऱ्याच वर्षांनी चढणीच्या रात्री वाडीत होतो. व्हाळावर आता सिमेंटचा बंधारा आहे, कमरेएवढा. काकांची खांड त्याच्या वरच्या अंगाला राहिली. चुडी-बिडी काही नाही, सगळे मोबाईलचा उजेड धरून भिंतीखाली उभे. मासे होते. भिंतीच्या पायाशी, पाणी दिसू नये इतके. ते दुसरीकडे जायला तयार नव्हते, भिंतीवर आपटत होते आणि पुन्हा येत होते. अर्ध्या तासात पोती भरली. एकानं मला सांगितलं की बंधारा झाल्यापासून मासा भरपूर झालाय.

काकांना आता चालवत नाही. घरी येऊन सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, "चढले काय?"

"भिंतीखाली आहेत."

थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मगे चार उचलून वर टाक."

पुन्हा गेलो. मोबाईल दातांत धरून ओंजळीनं टाकले, दहा-बारा असतील. दोन परत खाली पडले. बाकीचे अंधारात खांडीकडे गेले असं आवाजावरून वाटलं. ऑक्टोबरात उतरताना त्यांना हीच भिंत वरून लागणार होती, आणि तेव्हा मी पुण्यात होतो.